खिळ्यावरचा नान

मुकद्दसच्या पोटात पुन्हा जळजळायला लागलं होतं आणि फोन वाजायला दहाच मिनिटं उरली होती. तिने घाईघाईने तोंड धुतलं, ओठांना थोडा रंग लावला, डोक्यावरचा रुमाल नीट केला. तिच्या नवऱ्याला, इल्होमला, रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ फोन करता यायचा. तीन वर्षं तो रशियात इमारतींच्या कामावर होता आणि तीन वर्षं ती त्याला एकच उत्तर देत आली होती, सगळं छान आहे.

छान काय होतं? झोप तीन तासांवर आली होती. मान आखडलेली, केस मूठमूठ गळत होते, छातीत उगाच धडधडायचं. रेशमाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, रंगात बुडवण्याआधी नक्षीप्रमाणे दोऱ्याने बांधायचा, हे तिचं काम. ज्या हातांचं आमच्या मर्गिलान शहरभर कौतुक व्हायचं, ते आता गाठ मारताना थरथरायचे. सात वर्षांच्या दुर्दोनावर ती सांडलेल्या चहावरून खेकसायची आणि मग लेकीला जवळ घेऊन स्वतःच रडायची.

पण नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. तो निघाला त्या सकाळी सासूबाईंनी, तुर्सुनोयनी, त्याच्यापुढे ताजा नान धरला होता. त्याने एक घास तोडून खाल्ला आणि उरलेला नान फडक्यात बांधून भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. परत येऊन तो त्यानेच संपवायचा, ही आमच्याकडची रीत. तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं, की या नानाखाली उसासा टाकायचा नाही, घरचं रडगाणं ऐकवलं की परगावच्या माणसाची वाट बिघडते. मुकद्दसने ते तंतोतंत पाळलं. आमच्या गल्लीत अकरा घरांत असे नान टांगलेले आहेत, आणि अकराही घरांत सगळं छान आहे!

त्या दिवशीही फोनवर ठरलेलं उत्तर देऊन ती दवाखान्यात गेली. रक्ताच्या, पोटाच्या तपासण्यांचे कागद आले होते, मोठं काही निघालं नव्हतं. डॉक्टर रोहतताईंनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, शेवटचं मनमोकळं कुणाशी बोललीस? मुकद्दसला आठवेना.

"घरात चोर शिरला तर काय होईल तुझं?" रोहतताई म्हणाल्या. "छाती धडधडेल, अंग ताठ होईल, भूक मरेल, झोप उडेल. चोर गेला की सगळं खाली बसतं. तुझा चोर तीन वर्षं गेलेलाच नाही, बाई. अंग रात्रंदिवस पहाऱ्यावर आहे, मग पोट बिघडणार नाही तर काय? डोकंही तापणारच. गोळ्या देते, आराम पडेल. पण नवऱ्याला सांग."

"तिथे त्यांना काळजी लागेल, ताई."

"आणि इथे तुला जे लागलंय, ते काय लाडाचं दुखणं आहे?"

मुकद्दस गोळ्या घेऊन घरी आली.

दर शुक्रवारी नानावरचं फडकं बदलायचं काम तिच्याकडे होतं. त्या शुक्रवारी फडकं सोडलं आणि ती तशीच उभी राहिली. इल्होमने घास तोडला होता तिथली कड अजून तशीच होती. तिने त्या जागी बोट ठेवलं. त्याच्याजवळ जायला तिला एवढीच जागा उरली होती. हात थरथरला, नान फरशीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले!

आता इल्होमचं काही बरंवाईट होणार, आणि तेही आपल्या हातून. सासूबाई धावत आल्या. मुकद्दसने डोळे मिटून बोलणी खायची तयारी केली. तुर्सुनोयनी तुकडे उचलून कपाळाला लावले, मग सुनेचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"हा असा कधीपासून थरथरतोय?"

"दोन वर्षं झाली, आई."

म्हातारी तिथेच सुनेजवळ बसली. मग म्हणाली, "तुझे सासरे परमुलखात होते तेव्हा मीही सात वर्षं छानच होते. हे ब्लडप्रेशर तेव्हापासूनचं. ते घरी आले त्या दिवशी मला धड हसतासुद्धा आलं नाही. आणि तोच धडा मी तुला दिला. चुकलं माझं."

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी तो स्वतः तिच्या हातात दिला.

"कशी आहेस?" इल्होमने विचारलं.

"बरी नाही हो," ती म्हणाली. "झोप लागत नाही. पोरीवर ओरडते. आज तुमचा नान माझ्या हातून मोडला. तुमची फार आठवण येते."

पलीकडे त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून खाली ठेवलं. मग त्याचा आवाज आला, बसलेला. "मीही गोळ्या घेतोय गं. परांचीवर, कामावर असताना चक्कर आली होती दोनदा. तुला काळजी नको म्हणून बोललो नाही."

तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकमेकांना ऐकू जाईल असं रडली.

तो काही दुसऱ्या दिवशी आला नाही. द्राक्षं उतरतील तेव्हा त्याचं काम संपणार होतं. तेव्हा यायचं आणि पुन्हा जायचं की नाही हे सगळ्यांनी बसून ठरवायचं, असं ठरलं. मुकद्दसची झोप पाच तासांवर आली. शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या इतर बायका आपापलं काम घेऊन तिच्या अंगणात बसू लागल्या, आणि कोणाला कोणाची किती आठवण येते, हे न लाजता सांगू लागल्या. मोडका नान तिने ताण्याला बांधतात तशा दोऱ्याने बांधला आणि पुन्हा खिळ्याला टांगला.

वाचकहो, आपल्या माणसाला त्रास नको म्हणून जे दुःख आपण गिळतो, ते पोटात, छातीत, झोपेत जाऊन बसतं आणि अखेर त्याच माणसाच्या वाट्याला येतं. दुरावा सोसावा लागतोच. पण तो एकट्याने लपवून सोसायचा, हा नियम कोणी केला?

दुपारी फोन अजूनही वाजतो. मुकद्दस आता आधी तोंड धुवायला जात नाही.