कागदावर नसलेला शब्द

“आग्वा म्हन, आग्वा.” कुशाबाईंनी पाण्याचा पेला रिद्धीच्या तोंडापासून जरा लांब धरला.

“पानी,” रिद्धी म्हणाली.

“पानी न्हाई आता. आग्वा.”

तीन वर्षांच्या पोरीनं हात लांबवला, मग ओठ काढले. कुशाबाईंनी पेला देऊन टाकला.

जुन्नरच्या त्या बालगृहात कुशाबाई अकरा वर्षं आया होत्या. रिद्धी आली तेव्हा आठ दिवसांची होती. आता कोर्टाची परवानगी मिळाली होती आणि स्पेनमधलं एक जोडपं तिला न्यायला येणार होतं. पोरीच्या कानावरून जावेत म्हणून त्यांनी आपल्या फोटोसोबत काही शब्द धाडले होते. संस्था पाहणाऱ्या हर्षाताईंनी ते एका कागदावर मराठी अक्षरांत लिहून दिले: आग्वा म्हणजे पाणी, लेचे म्हणजे दूध, वेन म्हणजे ये, नो योरेस म्हणजे रडू नको. आणि मामा म्हणजे आई.

“मामा म्हंजी आई?” फोटोतल्या गोऱ्या बाईकडं बघत कुशाबाई म्हणाल्या होत्या. “मग मामाला काय म्हनत्यात वो ताई?”

हर्षाताईंना हसू आलं. “आणि हा शेवटचा. निन्येरा. म्हणजे तुम्ही, मुलं सांभाळणारी. जिला मुलांची आवड असते, तिलाही हेच म्हणतात.”

“दोनीला येकच?” कुशाबाईंनी कागदाची घडी घातली. “आपल्यात आवड कोन इचारतंय.”

हर्षाताईंचा आवाज उतरला. “मागच्या वेळचं लक्षात आहे ना?”

होतं. चार वर्षांचा संपत कुशाबाईंना असा बिलगला होता की न्यायला आलेली माणसं दोन दिवस थांबून तशीच परत गेली. पुढं त्याला कुणी नेलंच नाही. सहावं लागलं तसा तो पुण्याच्या मोठ्या संस्थेत गेला.

“हिला कडेवर घेणं कमी करा, कुशाबाई.”

“करते.”

त्या दिवसापासून त्या रिद्धीला भरवायच्या, न्हाऊ घालायच्या, पण उचलायच्या नाहीत. पोर दोन्ही हात वर करून उभी राहायची. कुशाबाई दुपटी वाळत घालायला निघून जायच्या.

२००३च्या जानेवारीत ती माणसं आली. बाई सरळ फरशीवर बसली, हात पुढं केले. रिद्धी कुशाबाईंच्या साडीमागं लपली. नवऱ्यानं पिशवीतून बाहुली काढली, तशी ती रडायलाच लागली. हर्षाताईंनी कुशाबाईंकडं पाहिलं.

जा म्हणावं, तर कागदावर तो शब्दच नव्हता.

कुशाबाईंनी साडीतली बोटं एकेक करून सोडवली आणि त्या बाईला खेटून जाऊन बसल्या. हात पसरले. “वेन,” त्या म्हणाल्या. “वेन, माजे बाय.”

रिद्धी पळतच आली. किती दिवसांनी हात पसरलेले दिसत होते. शेवटच्या पावलाला कुशाबाई बाजूला सरकल्या, आणि पोर त्या बाईच्या मांडीत पडली. बाईनं तिला छातीशी धरलं आणि स्वतःच रडू लागली.

“नो योरेस,” कुशाबाई म्हणाल्या. कुणाला, ते त्यांनाही कळलं नाही.

गाडी गेल्यावर हर्षाताई म्हणाल्या, “दोन दिवस भावाकडं जाऊन या.” भाऊ मंचरजवळ अवसरीला राहायचा. कुशाबाईंनी मंचरची एसटी धरली, खिडकीची जागा मिळाली. नारायणगावला गर्दी चढली. दाटीवाटीत उभ्या एका तरुण बाईनं कडेवरचं बाळ पुढं केलं.

“मावशी, याला घेता का जरा?”

बाळानं हसून त्यांचा पदर पकडला. कुशाबाईंनी तो सोडवला आणि उठून उभ्या राहिल्या.

“तू बस बाई, त्याला घिऊन.”

मंचर येईपर्यंत त्या दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून उभ्या होत्या.