निरोपाचा सीन

सेटवर नुसतं 'बाई' म्हटलं की आजवर एकच बाई डोळ्यांसमोर यायची. त्याच बाई आज मॉनिटरशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि "बाई, शॉट रेडी" ही हाक गेली ती त्यांच्या सुनेला. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

नवरोबा दिग्दर्शक. तरुणपणी बाईंना घेऊन जो सिनेमा केला, तोच आता सूनबाईला घेऊन पुन्हा करायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. करा बापडे! बाईंचं म्हणणं एकच होतं, निरोपाचा सीन जसाच्या तसा हवा. नायिकेचा नवरा कायमचा घर सोडून जातो आणि ती दाराला टेकून रडते. त्या रडण्यावर बाईंची उभी हयात निघाली होती. लोक अजून रस्त्यात थांबवून विचारत, "खरंच रडला होतात का हो?"

सूनबाई रडलीच नाही. नवरा गेला, दार लागलं, आणि ती त्याच्या शर्टाचं अर्धवट राहिलेलं बटण लावत बसली. लावून झालं, तेव्हा दातानं दोरा तोडला.

"कट!"

"अहो, मूळ सिनेमाची पार वाट लावली हिनं!" बाई फणकारल्या. "रडणं कुठंय?"

नवरोबा डोळे पुसत होते. ते बघून तर बाईंना मिरच्याच झोंबल्या.

"मुळात मी हेच लिहिलं होतं," ते हळूच म्हणाले. "बटण लावायचं, बस. तुला तेव्हा किती विनवलं! तू प्रत्येक टेकला रडायचीस. शेवटी उजेड गेला, म्हणून तेच ठेवलं."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"लोकांना आवडलं ना. मग काय बोलायचं?"

ते रडणं सगळ्या जगानं डोक्यावर घेतलं, आणि घरच्या या एका माणसाला ते कधी आवडलंच नव्हतं. त्याला हवं होतं ते या कालच्या पोरीनं पहिल्याच फटक्यात देऊन टाकलं!

तेवढ्यात सूनबाई धावत आली. "आई, खरं सांगा हं. कसं झालं? तुम्ही म्हणाल तसं करते."

असं काम आपल्याला जन्मात जमलं नसतं, हे बाईंना लख्ख कळत होतं.

"कोरडं वाटलं गं," त्या म्हणाल्या. "रड जरा. मी रडले होते तशी."

नवरोबांनी बाईंकडे पाहिलं. "घेऊ या एक टेक तसाही," एवढंच म्हणाले.

पुन्हा दिवे लागले. नवरा गेला, दार लागलं. सूनबाई दाराला टेकली आणि रडू लागली. "कट" म्हणायचंही कुणाला भान राहिलं नाही.

बाईंपेक्षा ती कितीतरी चांगली रडली.