कोक स्वायच्या कर्ण्याचे एक खोटे

मी एक जुना कर्णा आहे. सरकारी कागदांत मला ध्वनिक्षेपक म्हणतात आणि कोक स्वाय गावातली माणसे नुसते 'तोंड' म्हणतात. माझ्या कडेला दोन पोचे आहेत, आतल्या राखाडी रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि पावसाळ्यात माझा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. मित्रांनो, तुम्हाला माझी दया यावी म्हणून हे मी सांगत नाही. मला सांगायचे आहे ते माझ्या आयुष्यातल्या एका खोट्याविषयी. ते खोटे मी बोललो, आणि चांगले मोठ्याने बोललो. तरीही मी आज खांबावर आहे आणि मान खाली घालणार नाही.

माझा जन्म एका दूरच्या शहरातल्या कारखान्यात झाला. साच्यावर पत्रा दाबून मला धोतऱ्याच्या फुलासारखा आकार दिला गेला. मग एका मालमोटारीतून मी सीमेजवळच्या या गावात आलो आणि मुखियाच्या अंगणातल्या खांबावर चढलो. तिथून मला भाताची खाचरे दिसत, ताडाची झाडे दिसत आणि त्यांच्या पलीकडे डोंगराची एक निळसर रांग दिसे. रांगेच्या पलीकडे दुसरा देश होता. बोली मात्र तीच होती. तिकडच्या गावातही माझ्यासारखाच एक कर्णा होता. वारा दक्षिणेचा असला की त्याची खरखर मला ऐकू येई आणि वारा उलटला की माझी त्याला जात असावी. आम्ही एकमेकांना कधी पाहिले नाही. पण सकाळ झाली हे मला आधी त्याच्याकडूनच कळे.

आमची मुखिया चलुआय. सगळे तिला बोंग म्हणत, म्हणजे थोरली. रोज सकाळी सहाला ती माईकवर नखाने दोनदा टिचकी मारी, फुंकर घाली, खाकरे आणि सर्वांत आधी एकच गोष्ट सांगे: आज विहारातल्या भिक्खूंच्या जेवणाची पाळी कोणाच्या घरची. भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, म्हणून हे नाव पहिले. बाकी जग त्यानंतर. लसीकरण, खताची पोती, हरवलेली म्हैस, आणि शेवटी ठरलेली एक फटकार.

"सारात, तुझी बदकं पुन्हा माझ्या रोपांत शिरली होती. पुढच्या वेळी शिरली तर थेट रश्श्यात शिरतील, सांगून ठेवते!"

साऱ्या गावात हशा पिके. सारात हा एकटा राहणारा, चौदा बदकांचा धनी. तो आपल्या ओट्यावरून ओरडे, "बोंग, रस्सा केलास तर मलाही बोलाव!" त्याचे उत्तर मी कोणाला ऐकवू शकत नसे, कारण मी तोंड आहे, कान नाही.

चलुआय कामासाठी तालुक्याला गेली, तर तिथून आपल्या आवाजातला निरोप फोनवर पाठवी. मग शेजारची वानपेन आपला फोन माईकला लावी आणि मी तो निरोप गावाला सांगे. ही पद्धत चलुआयनेच पाडली होती. त्यात वावगे काही आहे, असे कोणाच्या मनातही आले नाही. वानपेन तर त्या फटकारांची चित्रफीत काढून सगळ्या जगाला पाठवी. लोक हसत. त्या हसणाऱ्यांत कोणीतरी न हसता ऐकतही होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

मग त्या डोंगररांगेवर तोफा आल्या. लढाई का पेटली, हे मोठी माणसे मोठ्या शहरांत सांगत होती. आमच्या खाचरांत नुसते खड्डे पडत होते. पहिल्याच सकाळी पलीकडचा कर्णा गप्प झाला. चलुआयने मला स्वतःच्या हाताने खांबावरून उतरवले, लुंगीत गुंडाळले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तांदळाच्या टोपल्यांमध्ये ठेवले. "भांडी राहिली तरी चालतील," ती म्हणाली. "हा राहिला तर दीडशे माणसं हरवतील."

चाळीस किलोमीटर आत, एका मोठ्या विहाराच्या आवारात आम्ही उतरलो. मला चिंचेच्या झाडाला बांधले गेले. आमचे भिक्खूही बरोबर होते, त्यामुळे पाळीही बरोबर आली. दूरदूरच्या शहरांतल्या अनोळखी माणसांनी तांदूळ, औषधे, चटया पाठवल्या. कोणत्या मालमोटारीतून काय उतरले आणि कोणी रांगेत कुठे उभे राहायचे, ते मी सांगत असे. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात मी इतका उपयोगी कधी नव्हतो.

नवव्या दिवशी चलुआय पहाटेच तालुक्याला गेली. औषधे आणायची होती. "पोहोचले की निरोप पाठवते," असे ती वानपेनला सांगून गेली होती.

आठच्या सुमारास वानपेनच्या फोनवर निरोप आला. आवाज चलुआयचा. खाकरणेही तिचेच. वानपेनने तो धड शेवटपर्यंत ऐकलाही नाही; फोन नसलेली म्हातारी माणसे खोळंबली होती, म्हणून तिने लगबगीने फोन माईकला लावला. आणि मी बोललो.

"मी चलुआय बोलतेय. गोळीबार थांबलाय. गाव मोकळं आहे. मदतीच्या तांदळात विष मिसळलंय, कोणी खाऊ नका. सगळे आजच घरी चला."

मी स्वच्छ, खणखणीत बोललो. त्या दिवशी मला सर्दीसुद्धा नव्हती.

आवारात एकदम धावपळ उडाली. बायांनी शिजलेल्या भाताची पातेली मातीत उपडी केली. सारात कोणासाठी थांबला नाही. "बदकं नऊ दिवसांची उपाशी आहेत!" एवढेच म्हणून त्याने मोटरसायकलला लाथ मारली आणि तो फाटकाबाहेर पडला. म्हातारा ता पिन याने ट्रॅक्टर चालू केला. ट्रॉलीत दहा जण चढले.

तेवढ्यात येय दुआंग ट्रॅक्टरपुढे येऊन बसली. येय म्हणजे आजी, वय अठ्ठ्याहत्तर. शेजारी तिने भाताचे झाकलेले पातेले ठेवले होते.

"ऊठ ग म्हातारे, चाकाखाली येशील!" ता पिन ओरडला.

"येऊ दे. माझं नाव नाही घेतलं."

"कसलं नाव?"

"पाळीचं. आज माझी पाळी. पहाटेपासून भात शिजवून बसलेय. माझं नाव घेतल्याशिवाय मी हलायची नाही."

ट्रॉलीतली माणसे हसली. ता पिनने कपाळावर हात मारला. "अग, गाव मोकळं झालंय, नि हिला पाळी सुचतेय! विसरली असेल बोंग."

"विसरली?" म्हातारीने मान वर केली. "स्वतःच्या नवऱ्याला अग्नी दिला, त्या दिवशी सकाळीही तिनं आधी पाळी सांगितली. मग रडली. ती विसरेल?"

वानपेनने फोन पुन्हा उघडला, आणि तिचा चेहरा उतरला. निरोप चलुआयच्या क्रमांकावरून आलाच नव्हता. गावाच्या गटात कोणीतरी पुढे ढकललेला होता. तिने चलुआयला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. ता पिनने ट्रॅक्टर बंद केला नाही, पण पुढेही नेला नाही. म्हातारी उठली नाही. जवळजवळ तीन तास तो ट्रॅक्टर तिच्यापुढे धडधडत उभा होता.

मग दक्षिणेकडून आवाज आले. एक. दोन. चार. गावाच्या दिशेचे. ता पिनने किल्ली फिरवून ट्रॅक्टर बंद केला.

चलुआय आली तेव्हा मध्यान्हाला थोडाच वेळ उरला होता. तिने सारे ऐकले. मातीतला भात पाहिला. ती माईकपाशी आली, तेव्हा ता पिन म्हणाला, "नको बोंग. त्यातून आता कोणीही बोलतं. तांदळाचं काय, ते आधी सांग. तोंडावर सांग."

मित्रांनो, ते वाक्य माझ्या पत्र्यात अजून आहे.

चलुआयने येय दुआंगचे पातेले उघडले. मदतीच्या त्याच पोत्यातला भात होता. ती घास उचलणार, तोच म्हातारी दरडावून म्हणाली, "भिक्खूंच्या आधी?"

चलुआयचा हात थांबला. प्रथेप्रमाणे आधी भिक्खू, मग गाव. तेव्हा सर्वांत वृद्ध भिक्खू पुढे आले. त्यांच्या तोंडात तीनच दात होते. "मग वाढ," ते म्हणाले, आणि त्यांनी पात्र पुढे केले. ते जेवले. सावकाश, रोजच्यासारखे.

मग चलुआयने मूठभर भात आणि आंबवलेल्या माशांची चटणी घेतली, माईक ओठांपाशी धरला आणि ती चावू लागली. चिंचेच्या झाडावरून साऱ्या आवारावर मी तिचे चावणे ऐकवले. कच, कच, गिळणे, पुन्हा कच. इतक्या वर्षांत मी हजारो गोष्टी ओरडून सांगितल्या, पण असे काही पहिल्यांदाच. तोंड पुसून तिने टिचकी मारली, दोनदा.

"आज भिक्खूंच्या जेवणाची पाळी येय दुआंगच्या घरची," ती म्हणाली. "आणि ज्यानं कोणी माझा आवाज चोरलाय, त्यानं नीट ऐकावं. मी जेवतेय. आम्ही सगळे जेवणार आहोत."

येय दुआंग तेव्हा उठली.

सारात तीन दिवसांनी सापडला. गोळा त्याच्या घराशेजारी पडला होता. तो वाचला, पण त्याला दोन्ही कानांनी ऐकू येणे कायमचे थांबले. हे माझे खोटे आहे, मित्रांनो. वानपेनच्या चित्रफितींतला आवाज घेऊन ते कोणी शिवले, कोणत्या बाजूने, हे आजवर कळलेले नाही. मी त्यात मन घातले नव्हते, असेही म्हणता येईल. पण तोंड माझे होते. डोंगरापलीकडच्या त्या गप्प कर्ण्याकडूनही कोणी असेच काही वदवले असेल का, हा विचार मला वारा दक्षिणेचा असला की सोडत नाही.

लढाई थांबल्यावर आम्ही परतलो. सरकारी कचेरीने नवा, चकचकीत कर्णा पाठवला आणि मला भंगारात काढायचे ठरले. ता पिन खांबापुढे उभा राहिला. "नवा कशाला? तो अजून फसायचाय. हा एकदा फसलाय, आणि आम्हीही. हाच राहील." नवा कर्णा विहारात गेला. मी इथेच आहे. माईकला फोन लावायचा नाही, असा गावाचा ठराव झाला आहे. ज्याला बोलायचे असेल त्याने अंगणात, सगळ्यांना दिसेल असे उभे राहून बोलायचे.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. माझा गंज वर्षातून एकदा पुसा, माझ्या तारा उंदरांपासून जपा, पण माझ्या आवाजावर नुसते कान ठेवून भाळू नका. माझ्याखाली कोण उभे आहे, ते पाहा. कोणी दिसत नसेल, तर मला बेधडक खोटा म्हणा. मला राग येणार नाही.

रोज सकाळी सारात खांबासमोर स्टूल मांडून बसतो आणि चलुआयच्या ओठांकडे पाहत राहतो. त्याची पाच बदके उरली आहेत. पाळी सांगून होते, खताचे सांगून होते, आणि मग ती त्याच्याकडे वळते.

"सारात, तुझी बदकं..."

माझा आवाज ताडांपर्यंत पोहोचायच्या आत तो हसलेला असतो.