गाडीचा जीव

दादूने सेल्फ मारला. इंजिन घरघर फिरलं, पण पेट घेईना. त्याने चोक ओढला आणि पुन्हा मारला. पुन्हा तीच घरघर, आणि मग माडांच्या पलीकडून येणारा भाट्याच्या समुद्राचा आवाज तेवढा राहिला.

“बॅटरी माझी, कोरी करकरीत. जुनं पेट्रोल उपसून नवं मी ओतलं. आता काय हिची ओटी भरायची ऱ्हायली?” असं म्हणत तो खाली उतरला.

मृणाली शेडच्या तोंडाशी उभी होती.

“संध्याकाळी येतील ते. तोवर होईल ना?”

“होईल की, वहिनी. न होऊन जाते कुठे?”

ते म्हणजे कोल्हापूरचे एक हौशी गृहस्थ, जुन्या गाड्या जमवणारे. दादूचं गॅरेज पालीला, हमरस्त्यावर. तिथे त्यांची गाठ पडली होती. गाडी चालू करून दाखवा, आजच घेऊन जातो, असं म्हणाले होते. मृणालीला तेच हवं होतं. रोज सकाळी मागचं दार उघडलं की पहिल्यांदा ती गोलमटोल पाठच दिसायची. नवऱ्याने, सर्वेशने, मालगुंडच्या कुणाच्या तरी गोठ्यातून ही डुक्कर फियाट ओढत आणली होती आणि जहाजावरून घरी आला की सारी सुट्टी तिच्याखाली आडवा पडून काढली होती. आता सर्वेश नव्हता आणि गाडी होती. हे तिला सोसत नव्हतं.

तो गणपती करून गेला आणि दिवाळीच्या तोंडावर कंपनीचा फोन आला. सकाळच्या हजेरीला तो नव्हता. जहाजभर शोधलं, मागे फिरून पाणीही धुंडाळलं. समुद्र खवळलेला होता, डेकवरून तोल गेला असावा, असं म्हणाले. देह मिळाला नाही. आणि मिळाला नाही म्हणूनच त्याच्या आईने, आनंदीबाईंनी, घरात कसलाही विधी होऊ दिला नव्हता. दोन्ही वेळा त्याचं ताट वाढलं जायचं आणि मग गाईपुढे जायचं. शिमग्यानंतर मृणालीने कुंकू लावणं सोडलं, तेव्हापासून सासू-सुनेत कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

आज मात्र गाडी विकायची म्हटल्यावर आनंदीबाईंनी शब्दही काढला नव्हता. सकाळपासून मागच्या पडवीत बसून त्या आमसुलांसाठी रातांबे फोडत होत्या, आणि अधूनमधून दादूच्या खटपटीकडे अशा बघत होत्या, की मृणालीला त्याचा राग येत होता.

दादूने प्लग काढले, पॉलिश पेपरने घासले, फुंकले, परत लावले. कार्बोरेटरच्या पोटात काडी घालून कचरा काढला. मग एका प्लगची वायर उपटून तिचं टोक इंजिनाजवळ धरलं.

“बसा आत, वहिनी. मी सांगलं की सेल्फ मारा.”

मृणाली चाकामागे बसली. पाय आपोआप क्लचवर गेला. गेल्या सुट्टीत ओहोटीच्या वेळी सर्वेश तिला किनाऱ्यावर न्यायचा आणि ओल्या वाळूत गाडी चालवायला लावायचा. ती वैतागायची. मला काय करायचीय शिकून, तू आहेस ना, म्हणायची. असू दे, तुला यायला हवी, एवढंच तो म्हणायचा.

“मारा!”

तिने मारला.

“करंट नाय. थांबा.” त्याने कॉइलची वायर धरली. “आता मारा. हां! कॉइलपर्यंत हाय की. मग प्लगला पोचत कसा नाय? मधेच कोण खातो?”

त्याने डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीच्या दोन्ही क्लिपा उघडल्या, टोपी बाजूला केली आणि आत बघतच राहिला. मग त्याने काळा हात कपाळावर मारून घेतला.

“रोटरच नाय! सकाळपासून माझी ही झटापट, आणि हिथे रोटरच नाय. आसणारच म्हणून मी उघडलंच नाय.”

“रोटर म्हणजे?”

“एवढासा असतो, ह्या आंगठ्याएवढा. तपकिरी टोपण, डोक्यावर पितळेची पट्टी. तो आत फिरतो आणि एकेका प्लगला करंट वाटतो. पंगत बसलीय वहिनी, वाढपीच नाय.”

पडवीत आनंदीबाई हसल्या. कितीतरी महिन्यांत त्या हसल्या नव्हत्या. दादूही वळून बघायला लागला.

“नसणारच तो,” त्या म्हणाल्या. “माज्या पोराने न्हेलान.”

“काकी, तुम्हाला ठाऊक होतं? आणि मला सकाळपासून घाम गाळू दिलात?”

“मला बघायचं होतं, हाय की नाय ते.” त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. “जहाजावर निघाला की दर वेळी काढून न्यायचा. माज्यासमोर तळहातावर धरायचा, मग शर्टाच्या खिशात टाकायचा. म्हणायचा, आई, गाडीचा जीव बरोबर घेऊन चाललो, आता परत यायलाच हवं.”

निघायच्या दिवशी सर्वेश बॉनेट उघडून काहीतरी करायचा, हे मृणालीनेही पाहिलं होतं. बॅटरीची वायर सोडवत असेल, असं तिला वाटायचं.

“या वेळी दाखवलान तुम्हाला?” दादूने विचारलं.

आनंदीबाईंनी पुढचा रातांबा उचलला. “या वेळी घाईत होता. पण तू आता बघितलास ना? नाय ना तिथे? म्हंजे न्हेलान. ज्याला परत यायचं नाय, तो कशाला न्हेईल? कुठल्या तरी बंदराला उतरला आसल, कसल्या तरी अडचणीत आसल. येईल. मी सांगतेय, येईल.”

मृणाली गाडीतून उतरली. तिच्या कानांत एवढंच राहिलं होतं, अंगठ्याएवढा, तपकिरी, पितळेची पट्टी.

“चहा टाकते,” असं म्हणून ती आत गेली.

चुलीवर आधण ठेवून ती माजघरात शिलाई मशीनपाशी आली. खण ओढला. रिळांच्या मागे एक रुमाल होता. पौषात तिला तो सापडला होता, तेव्हा आतला तुकडा मिक्सरचा सुटा भाग असेल समजून तिने परत ठेवून दिला होता. मिक्सर त्यानेच दुरुस्त केला होता. त्या शेवटच्या सुट्टीत त्याने सगळंच दुरुस्त केलं होतं. गळका नळ, विहिरीचा पंप, पडवीची कौलं, या मशीनचा लटपटणारा पायसुद्धा. पुढच्या सुट्टीला काही काम शिल्लक ठेव की, असं ती थट्टेत म्हणाली होती. तेव्हा तो मशीनखाली स्क्रू पिळत होता आणि त्याने मान वर केली नव्हती.

तिने रुमाल उलगडला. इस्त्रीचा, नीट चार घड्या घातलेला. आत तो तपकिरी तुकडा होता. खाऱ्या वाऱ्याने पितळ काळं पडू नये म्हणून त्याला तेलाचं बोट लावलेलं होतं. विसरून राहिलेल्या वस्तूला कुणी तेल लावत नाही. आणि तिच्या रिळांच्या खणात तिच्याखेरीज कुणाचा हात जात नव्हता.

ती तिथेच खाली बसली. तिला सर्वेशचा भयंकर राग आला. सांगायचं होतंस रे. भांडायचं तरी होतंस. गाडी शिकवलीस, पण एवढं सांगितलं नाहीस.

“वहिनी!” बाहेरून दादूची हाक आली. “घरात कुठे आहे काय बघा जरा. मिळाला तर गाडी आता चालू होते.”

“बघू दे, बघू दे,” आनंदीबाईंचा आवाज आला, मोकळा आणि खणखणीत. “कपाटं उपसू दे तिला. मिळायचा नाय.”

मृणालीने मूठ घट्ट मिटली. बाहेर जाऊन मूठ उघडली की गाडी सुरू होणार होती. कोल्हापूरचे गृहस्थ ती घेऊन जाणार होते आणि मागचं दार उघडल्यावर मोकळी जागा दिसणार होती. ताट वाढणं थांबणार होतं. आणि त्या पडवीतल्या बाईला कळणार होतं, की तोल गेला नव्हता.

आधण उतू जाऊन चुलीत चरचरलं. तिने रुमालाच्या घड्या होत्या तशा घातल्या, रुमाल रिळांच्या मागे सरकवला आणि खण लावला.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा दादू बॉनेटला टेकून उभा होता.

“मिळाला?”

“नाही.”

कप घेताना त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. तिथे तेल लागलेलं होतं. तो सर्वेशबरोबर शाळेत होता. त्याने चहाचा घोट घेतला.

“पुण्याहून मागवता येईल दुसरा,” तो म्हणाला.

“नको. त्यांना कळव, गाडी द्यायची नाही.”

दादूने मान हलवली. रिकाम्या जागेवर टोपी बसवली, दोन्ही क्लिपा दाबल्या आणि बॉनेट हळूच खाली सोडलं.

“पटलं आता?” आनंदीबाईंनी विचारलं.

“तुमचंच खरं, आई,” मृणाली म्हणाली. “ह्यांनी तो बरोबर नेला.”

आनंदीबाई उठल्या. न्हाणीपाशी जाऊन त्यांनी हात धुतले, पण रातांब्याचा रंग काही गेला नाही. आतून त्या कुंकवाची डबी घेऊन आल्या.

“ये, बस हिथे. लय हट्ट केलास, आता पुरे.”

मृणाली पायरीवर बसली आणि तिने कपाळ पुढे केलं. म्हातारीने आनंदाच्या भरात बोट टेकवलं. कुंकू जरा सांडलंही.

“बघ, कसं भरल्यासारखं दिसतंय. आणि रडतेस कशाला गो, बाय?”

“कुंकू डोळ्यांत गेलं,” मृणाली म्हणाली.