पेशंटनं हलायचं नाही

डोळे मिटा बघू. आता अशी कल्पना करा, की तुम्ही पलंगावर उताणे पडला आहात. टक्क जागे आहात, पण हलायची मनाई आहे. हात नाही, पाय नाही, मानसुद्धा नाही. नेमकी आताच नाकाच्या शेंड्याला खाज सुटली आहे. सुटू दे. कोणीतरी येऊन तुमच्या अंगाखालची चादर काढणार, दुसरी घालणार, आणि तुम्ही आपलं ओंडक्यासारखं पडून राहायचं. जमेल? किती वेळ?

भिंगरीला हे काम रोज होतं. तिचं नाव भिंगरी का पडलं, ते वेगळं सांगायला नको. जेवतानासुद्धा तिचा एक पाय नाचत असे. अशा मुलीवर हे काम येऊन पडलं, त्याचं कारण तिची ताई.

ताई नर्सिंगच्या शाळेत शिकत होती. त्या शाळेत सरावासाठी एक खोली होती. तिथे खऱ्याखुऱ्या इस्पितळासारखे पलंग होते आणि पलंगांवर माणसाएवढे रबरी बाहुले. मुली त्यांना उठवायच्या, बसवायच्या, पुसायच्या. बाहुल्यांवर हात बसला, की मग खऱ्या वॉर्डात पाठवायचे. पण साथ आली. एकापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला असा आजार पसरू लागला, तेव्हा शाळांना कुलपं लागली. बाहुले आत आणि मुली आपापल्या घरी.

आता पुस्तक घरी वाचता येतं, पण आजारी माणसाला कुशीवर वळवायला पुस्तकातून कसं शिकणार? ताईच्या मॅडमनी डोकं चालवलं. त्यांनी फोनवरून सगळ्या मुलींना सांगितलं, "घरात जो सापडेल त्याला पेशंट करा. जे सापडेल त्याचं सामान करा. मी फोनमधून बघेन."

मग काय! कोणी आजोबांना पेशंट केलं, कोणी धाकट्या काकांना. एकीच्या घरी कोणीच तयार होईना, तेव्हा तिनं लोडाला शर्ट-पँट चढवून त्याला निजवलं. ताईच्या वाट्याला भिंगरी आली.

घरात जय्यत तयारी झाली. बाबा सुतार होते. त्यांनी पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यभागी आणला, म्हणजे ताईला दोन्ही बाजूंनी फिरता येईल. इस्पितळातल्या पलंगाला कठडा असतो, त्याच्या जागी खुर्ची टेकवायची ठरली. फोन धरायचं काम आईकडे.

"आजी, मी तुमची चादर बदलणार आहे हं," ताई म्हणायची. भिंगरीला ऐंशी वर्षांची म्हातारी ठरवलं होतं, लुळी पडलेली.

"बदल गं बाई. जरा मऊ घाल," भिंगरी म्हणायची.

"तुला बोलता येत नाही!"

"मग तू मला विचारतेस कशाला?"

"विचारत नाही, सांगते. पेशंटला ऐकू येत असतं. न सांगता अंगाला हात लावला, तर तो दचकतो."

आणि ताईचं काम सुरू व्हायचं. पेशंटला एका कुशीवर वळवायचं. मळकी चादर लांबट गुंडाळून त्याच्या पाठीशी सरकवायची. रिकाम्या जागी धुतलेली चादर पसरायची. मग पेशंटला त्या गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीवर आणायचं, मळकी चादर काढून घ्यायची आणि धुतलेली ताणून गादीखाली खोचायची. ऐकायला सोपं आहे. घरी कोणाला तरी झोपवून बघा, म्हणजे कळेल.

पहिले काही दिवस फार धांदल उडाली. चादर भिंगरीच्या पायात अडकायची, ताईला घाम फुटायचा. पण हळूहळू हात बसला. ताई खांद्याला हात लावते न लावते तोच भिंगरी वळलेली असायची. दुसऱ्या बाजूनं चादर ओढायची वेळ आली, की ती अलगद कंबर उचलायची आणि चादर सुळकन बाहेर यायची. किती सुरेख जमतंय, असं ताईला वाटे. आपण किती गुणी पेशंट आहोत, असं भिंगरीला वाटे. आपण चुकतो आहोत, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

परीक्षा जवळ आली. इस्पितळानं शाळेला कळवलं होतं, की थोड्याच मुली आत घेता येतील. जिचं काम मॅडमना पसंत पडेल ती पहिल्या तुकडीत वॉर्डात जाईल, बाकीच्यांनी घरी थांबायचं. कधीपर्यंत, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. ताईला पहिल्या तुकडीत जायचं होतं. तिनं गणवेश इस्त्री करून दाराच्या मागे टांगून ठेवला होता आणि जाता-येता ती त्याच्याकडे बघायची.

परीक्षेच्या सकाळी आईनं फोन धरला. पडद्यावर मॅडम दिसल्या. चष्मा, मास्क आणि मागे रिकामा वर्ग. ताईनं सुरुवात केली आणि चादर अशी काही झरझर बदलली, की आईच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

मॅडम पडद्याच्या आणखी जवळ आल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा करून दाखव."

ताईनं पुन्हा केलं. आणखी झरझर.

"तुझी पेशंट फारच हुशार आहे गं," मॅडम म्हणाल्या. "तू हात लावायच्या आधीच ती वळते. लुळ्या माणसाला हे कसं जमतं?"

ताईचा चेहरा पडला. भिंगरी उठून बसली आणि म्हणाली, "मी मदत करत होते."

"कळलं मला. म्हणून तर तुझी ताई काय शिकली, ते मला दिसेना. जो हलू शकत नाही त्याला हलवायचं, ही परीक्षा आहे. घरात आणखी कोणी आहे का, ज्याला यातलं काही येत नाही?"

आईनं स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "अहो!"

बाबा आले. अंगानं आडवे, केसांत लाकडाचा भुसा. "मी? मी कशाला? मला कुठे काय येतं?"

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

बाबा अंग चोरून पलंगावर आडवे झाले. पलंग कुरकुरला. ताईनं त्यांच्या खांद्याला आणि कंबरेला हात घालून ओढलं. बाबा हलले नाहीत. हसले मात्र.

"गुदगुल्या होतात गं!"

"हसू देत," मॅडम म्हणाल्या. "पेशंट हसतात, रडतात, रागावतात. फक्त मदत करू नका हं."

ताईनं पुन्हा जोर लावला. तिचा चेहरा लाल झाला, पण बाबा तिथल्या तिथे.

भिंगरी कोपऱ्यात उभी होती. काय राहिलं आहे, ते तिला दिसत होतं. वळताना ती आपला पलीकडचा पाय गुडघ्यात दुमडून घ्यायची, पलीकडचा हात छातीवर आणायची. ती आपणहून करायची, म्हणून ताईला ते कधी करावंच लागलं नव्हतं. बाबांचे पाय तर सरळसोट पसरलेले! शब्द अगदी भिंगरीच्या ओठांवर आला. पाय, ताई, पाय! पण मदतीमुळेच तर सगळं बिघडलं होतं. तिनं दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले. पायांची चुळबुळ थांबेना, म्हणून ती सरळ खाली बसली आणि पाय मांडीखाली दडपून टाकले. इतकं अवघड काम तिनं पलंगावर पडूनही कधी केलं नव्हतं.

ताईनं ओढणं थांबवलं. ती एक पाऊल मागे सरली. बाबांकडे तिनं डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं, जणू आज पहिल्यांदाच बघते आहे. मग पुढे वाकून ती शांतपणे म्हणाली, "काका, मी तुम्हाला माझ्याकडे वळवणार आहे. घाबरू नका."

तिनं पलीकडचा हात उचलून छातीवर ठेवला. पलीकडचा गुडघा दुमडून उभा केला. स्वतःचे पाय मागेपुढे रोवले, खांद्याला आणि कंबरेला हात घातले आणि हातांनी न ओढता सगळं अंग मागे झुकवलं. बाबांचा गुडघा कलला, त्यामागून कंबर आली, कंबरेमागून खांदा, आणि एवढे आडवे बाबा हलकेच कुशीवर आले.

"अगं बाई!" आई म्हणाली. फोन हलला.

"फोन स्थिर धरा," मॅडम म्हणाल्या. त्या मास्कच्या आत हसत असाव्यात, कारण डोळे बारीक झाले होते.

पुढचं काम झरझर झालं नाही. ताईनं खुर्ची टेकवली, पलीकडे गेली, चादर गुंडाळली, घामाघूम झाली. पण झालं.

"पाठीखाली एक सुरकुती राहिली आहे," मॅडम म्हणाल्या. "दिवसभर निजून असणाऱ्याला ती टोचते, कातडी सोलवटते. काढ ती." ताईनं चादर ताणली. "हं. सोमवारी सकाळी वॉर्डात ये. आणि आजपासून सगळ्याच मुलींना सांगणार आहे मी, की दर आठवड्याला पेशंट बदला. शिकलेला पेशंट कामाचा नाही."

आईनं फोन बंद केला. ताईनं भिंगरीला उचलून गरकन फिरवलं आणि गणवेश घालून बघायला ती आतल्या खोलीत पळाली. आई तिच्या मागोमाग गेली. बाबा मात्र उठले नाहीत. मऊ, ताणलेल्या चादरीवर त्यांना बरं वाटत असावं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

भिंगरी मांडीखालचे पाय सोडवून उठली. पलंगाजवळ गेली. वाकून बाबांच्या कानाशी म्हणाली, "काका, मी तुम्हाला माझ्याकडे वळवणार आहे. घाबरू नका. आणि मदत करायची नाही हं." मग पलीकडचा हात छातीवर ठेवायला ती टाचा उंचावून बाबांवरून ओणवी झाली.