टाकी कोण रिकामी करणार

नणंदेच्या नवऱ्याला आम्ही सगळे मुकादम म्हणतो. अगदी तोंडावर म्हणतो, आणि ते त्यावर खूश असतात. कॅराव्हॅन भाड्याने घेऊन धरणाच्या जलाशयाकाठी चार दिवस मुक्काम करायची कल्पना त्यांचीच. गाडी अजून ताब्यात आलेली नव्हती, पण माहितीपत्रकातून मापं काढून त्यांनी ती आमच्या हॉलच्या फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीने आखून टाकली. सोफा बाल्कनीत गेला, टीपॉय उलटं होऊन कपाटावर चढलं. पट्टीच्या आत दोन पलंग, ओटा, टेबल, आणि मागच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन. त्यात त्यांनी खडूने लिहिलं होतं ‘संडास’.

“चला, सगळ्यांनी आत या,” ते म्हणाले. “राहून बघू.”

माझा नवरा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून सरळ आत आला.

“भिंतीतून आलास!”

“मग कुठून येऊ?”

“दारातून. दार तिकडे आहे, तुझ्या बहिणीच्या पायाशी. आणि पाय उचल, पायरी आहे.”

नवरा ट्रेसकट मागे फिरला, वळसा घालून दारापाशी गेला आणि नसलेल्या पायरीवरून पाय उचलून आत आला. नणंद, म्हणजे आमच्या ताई, हसू दाबत होत्या. दोन्ही घरच्या मुलांनी परीक्षेचं कारण सांगून या सहलीतून आधीच अंग काढून घेतलं होतं, त्यामुळे आम्ही पाच मोठी माणसंच त्या पट्टीच्या आत मांडीला मांडी लावून बसलो.

पाचव्या आई. माझ्या सासूबाई. शाळेत पी.टी. शिकवायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून मैदानावरचाच आहे. त्यांनी सगळ्या गाडीवरून एकदा नजर फिरवली, खुर्ची ओढली आणि बरोबर त्या मागच्या चौकोनाला लागून बसल्या.

मी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. बाटलीतल्या नमुन्यात जे दिसतं ते लिहायचं, जे दिसत नाही ते पदरचं घालायचं नाही, असं आमचं काम. ही सवय घरीही सुटत नाही. बाहेर जायचं असलं की आई सकाळपासून चहा टाळतात. घराला कुलूप लावल्यावर काहीतरी विसरल्याचं सांगून पुन्हा आत जातात, आणि रिकाम्या हाताने परत येतात. नाटकाला गेलं की कडेची खुर्ची मागतात. लांबचा प्रवास निघाला की मात्र त्यांचे गुडघे दुखू लागतात, आणि तेच गुडघे एरवी तीन जिने चढून गच्चीवर वाळत घातलेले कपडे घेऊन येतात. मी एकदाच विचारलं होतं.

“कळलं ना? मग तोंड बंद ठेव,” आई म्हणाल्या होत्या. “डॉक्टरांना दाखवलंय, औषध चालू आहे, वयाचं आहे. गाडीत बसलं की तासभरसुद्धा धरवत नाही. संपलं.”

“ताईंना तरी सांगू या ना.”

“तिला तर मुळीच नाही. ती चार डॉक्टर गोळा करेल, आणि त्यांच्याआधी सगळ्या नातेवाइकांना फोन करेल.”

ताईंचं घर दोन तासांच्या अंतरावर. गेली दोन वर्षं आई तिथे गेलेल्या नाहीत. ताईंनी खोली रंगवली, नवा पलंग घेतला, स्वतः न्यायला आल्या. प्रत्येक वेळी गुडघे. आता त्या बोलावणंही करत नाहीत. फोनवर फक्त म्हणतात, “असू दे. मुलाचं घर ते मुलाचं घर.” आई ते ऐकतात, फोन ठेवतात आणि बराच वेळ बाल्कनीतल्या कुंड्यांची माती उकरत बसतात.

त्यामुळे माहितीपत्रकात गाडीतल्या संडासाचं चित्र आलं, तेव्हा ते सगळ्यांत जास्त वेळ आईंनी पाहिलं होतं. आणि विचार करायला म्हणून एक रात्रही न मागता म्हणाल्या होत्या, “मी येते.” ताईंनी मला त्याच दिवशी दोनदा फोन करून विचारलं, “खरंच येतेय का गं ती? नक्की?”

मुकादमांनी आता पट्टीच्या आत उभं राहून सामानाची वाटणी सुरू केली. पलंगाखाली घडीच्या खुर्च्या आणि शेगडी. ओट्याखाली तांदूळ, कांदे-बटाटे, अंडी. टेबलाखाली पाण्याचे कॅन.

“आणि इथे,” त्यांनी खडूच्या अक्षरांवर पाय ठेवला, “होडी.”

होडी म्हणजे फुगवायची रबरी होडी. मुकादमांनी ती तीन वर्षांपूर्वी घेतली, हौसेने हॉलमध्ये फुगवली, आणि मग ती दारातून बाहेर निघेना म्हणून तिथेच हवा सोडली. पाणी तिने अजून पाहिलेलं नव्हतं.

“होडी संडासात?” नवऱ्याने विचारलं.

“मग कुठे? टपावर बांधली तर उन्हाने रबर तडकेल. गुंडाळी, वल्ही, पंप, सगळं त्या खोलीत बरोब्बर बसतं. मी मोजलंय.”

“आणि आपण?”

“तलावाकाठी संडास आहेत. वाटेत पेट्रोलपंप आहेत. गाडीवालीची अट वाचलीत का? संडासाच्या दाराला कागदी सील असतं. ते शाबूत असेल तर गाडी तशीच परत घेते. तोडलं, तर टाकी आपण रिकामी करायची. टाकी, समजलं का? ओढत न्यायची, उचलायची, ओतायची. कोण करणार?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“वहिनीचं तर रोजचंच आहे की,” ताई म्हणाल्या, आणि लगेच त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. “म्हणजे तसं नाही गं.”

“तसंच आहे,” मी म्हटलं. “मी करीन रिकामी. मला त्याचं काही वाटत नाही.”

इथे प्रश्न मिटायला हवा होता. पण मुकादमांना टाकीची नाही, होडीची काळजी होती.

“अहो वहिनी, तुम्हाला कशाला त्रास? तुम्ही सुट्टीवर येताय. सहलीतही तेच काम करायला लावलं, तर लोक मला काय म्हणतील?”

मी आईंकडे पाहिलं. त्या चहाच्या भरलेल्या कपात बघत होत्या. कप ओठाला लागलेला नव्हता. मग मी जे केलं ते मला जमणारं नव्हतं, कारण मला खोटं बोलता येत नाही. चेहरा आधीच कबुली देतो.

“मला लागतं,” मी म्हटलं. “मला सारखं जावं लागतं.”

“तुला?” नवरा म्हणाला. “तू तर सकाळी प्रयोगशाळेत गेलीस की...”

मी पट्टीच्या आतच त्याच्या पायावर पाय दिला. जागा कमी होती, त्यामुळे ते सोपं गेलं.

झालं. नवऱ्याची सुटका झाली, माझी नाही. ताई माझ्याजवळ सरकल्या आणि हळू आवाजात विचारायला लागल्या, कधीपासून, रात्री उठावं लागतं का, साखर तपासली का. मुकादम अत्यंत सभ्यपणे छताकडे बघत राहिले. ताईंनी त्यांच्या ऑफिसातल्या एका बाईंची पूर्ण कहाणी सांगितली, शस्त्रक्रियेसकट.

“चहा कमी कर,” आई अचानक म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. “मी केव्हाची सांगतेय हिला. ऐकत नाही.”

मला हसू आवरेना, म्हणून मी खोकले.

“मग सोपं आहे,” मुकादम म्हणाले. त्यांनी नकाशा उघडला होता. “वहिनींसाठी आपण दर तासाला थांबू. इथे पंप, इथे ढाबा, इथे पुन्हा पंप. वेळापत्रकच करतो. होडीही राहते, वहिनींचीही सोय होते.”

“हो, थांबू की,” ताई म्हणाल्या. “तुझ्यासाठी एवढं नाही का करणार?”

आता मी काय बोलणार? माझ्या दुखण्यावर उपाय निघाला होता. आईंच्या दुखण्याला मात्र वेळापत्रक माहीत नव्हतं, आणि गाडी थांबवा म्हणून तोंड उघडण्यापेक्षा त्या जन्मभर घरी बसल्या असत्या.

त्यांनी कप खाली ठेवला. “तुम्ही जा सगळे,” त्या म्हणाल्या. “माझ्या गुडघ्यांना ही दगदग झेपायची नाही.”

ताई उठल्या.

“मला माहीतच होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे यायचं तर गुडघे, माझ्याबरोबर कुठे जायचं तर गुडघे. सरळ सांग ना आई, की तुला माझ्याबरोबर राहायचंच नाहीये. निदान मी वाट बघायची तरी सोडून देईन.”

आणि त्या भिंतीतूनच बाहेर गेल्या. या वेळी मुकादम काही बोलले नाहीत.

रात्री ताई आमच्या मुलीच्या खोलीत झोपल्या, दार लावून. आईंच्या खोलीतला दिवा मात्र उशिरापर्यंत चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बघायला जायचं आधीच ठरलेलं होतं. गाडीवालीचं आवार आमच्या घरापासून पायी पाच मिनिटांवर, पिठाच्या गिरणीमागे. होडी खरंच मावते का बघायला मुकादमांनी ती खांद्यावर घेतली होती. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्या नवऱ्याकडे. दुरून बघणाऱ्याला काहीतरी भलतंच वाटलं असतं. ताई सगळ्यांच्या पुढे, कोणाशी न बोलता चालल्या होत्या. आणि मला वाटलं नव्हतं, पण आईही चपला घालून निघाल्या. “बघायला काय जातंय,” म्हणाल्या.

गाडीवाली तेलकट डगला घातलेली, भरपूर बोलणारी बाई होती. तिने आम्हाला शेगडी दाखवली, दिवे दाखवले, पलंग कसा उलगडतो ते दाखवलं. मागच्या दाराला खरंच एक पांढरी कागदी पट्टी चिकटवलेली होती. बाहेरच्या बाजूने एक झडप उघडून तिने टाकी ओढून काढली. प्रवासाच्या बॅगेसारखी दिसत होती, चाकं आणि दांडी असलेली.

“सील तोडलंत की हिची जबाबदारी तुमची,” ती म्हणाली. “नाही तोडलंत तर मीही खूश, तुम्हीही खूश.”

“आम्ही तोडणारच नाही,” मुकादम म्हणाले. “आम्ही फक्त दार किलकिलं करून ही होडी...”

“दार उघडलं की सील तुटतं, साहेब. मग आत होडी ठेवा नाहीतर हत्ती ठेवा.”

मुकादमांचा चेहरा पडला. हे त्यांनी मोजलेलं नव्हतं. “पण वापरलं नाही, तर टाकी रिकामीच राहील ना? मग काय हरकत आहे?”

“टाकी कोरडी असेल तर हरकत नाही,” गाडीवालीने मान्य केलं.

मुकादम पुन्हा उजळले. त्यांनी होडीचं तोंड दाराच्या दिशेने वळवलं. तेवढ्यात आई पुढे झाल्या. गाडीची पायरी न धरता चढल्या, पांढरी पट्टी एका झटक्यात फाडली, आत गेल्या आणि कडी लावली.

आम्ही सगळे होडीसकट उभे. आतून काही वेळ आवाज आला नाही. मग फ्लशच्या पंपाची घरघर झाली आणि पाणी सुटल्याचं स्पष्ट ऐकू आलं. गाडीवालीने दांडी धरलेल्या टाकीकडे पाहिलं, मग घाईघाईने झडपेकडे धावली.

“अहो बाई, थांबा! टाकी बाहेर आहे!”

तिने टाकी आत सारली तोवर थोडंसं व्हायचं ते झालंच होतं. मुकादम एक पाय वर उचलून उभे होते.

कडी निघाली. आई बाहेर आल्या, हात पुसत.

“चालतंय व्यवस्थित,” त्या म्हणाल्या. मग ताईंकडे वळल्या. आवाज मैदानावरचा नव्हता. “तुझ्याकडे यायला दोन तास लागतात. मला तासभरही धरवत नाही. गुडघ्यांना काही झालेलं नाही. हे सांगायला नको वाटत होतं, म्हणून दोन वर्षं तुला काहीबाही सांगत राहिले.”

ताई म्हणाल्या, “एवढंच?”

“तुला एवढंच वाटतंय.”

“अगं आई, मी रात्ररात्र विचार करत होते, की माझं काय चुकलं! आणि तुला...” रडू येतंय की हसू, हे त्यांनाच कळत नसावं. त्यांनी आईंचा ओला हात धरला आणि सोडलाच नाही.

“म्हणजे तुला काही नाहीये?” माझ्या नवऱ्याने मला विचारलं.

“नाही.”

“मग मी काल रात्री नेटवर जे वाचलं...”

“विसरून जा.”

“एकूण टाकी भरायला सुरुवात झालीच आहे,” आई सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. “आता रिकामी तर करावीच लागणार. तेव्हा उगाच कोणी अवघडून बसू नका. वापरा.”

मुकादमांनी होडी खाली ठेवली. थोडा वेळ ते तिच्याकडे आणि त्या दाराकडे बघत राहिले. “खरं सांगायचं तर,” ते म्हणाले, “मलाही रात्री दोनदा उठावं लागतं. अंधारात तलावाकाठच्या संडासापर्यंत कंदील घेऊन कसं जायचं, याचीच मला चिंता होती.”

“मग काल का नाही बोललात?” ताईंनी विचारलं.

“होडी होती ना मध्ये.”

गाडीवालीने फडकं, बादली आणि रबरी हातमोजे आणून समोर ठेवले. “कोण शिकून घेतंय? आत्ताच दाखवते.”

मी पुढे झाले, पण ताईंनी मला कोपराने बाजूला सारलं. “तू सुट्टीवर आहेस,” त्या म्हणाल्या आणि मोजे चढवले. मोजे त्यांना कोपरापर्यंत आले. टाकी कशी तिरपी करायची, कुठलं बटण दाबलं की हवा जाते, तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, हे त्यांनी दोनदा करून पाहिलं, आणि मुकादम सूचना द्यायला लागले तेव्हा त्यांना पाण्याची नळी धरायला लावली.

सगळं आवरल्यावर गाडीवालीने विचारलं, “मग शनिवारी सकाळी निघायचं ना? सरळ धरणावर?”

“सरळ,” मुकादम नकाशा काढत म्हणाले.

“नाही,” आई म्हणाल्या. “आधी हिच्या घरी.”

“आई, ते एकदम उलट्या दिशेला आहे! पूर्ण दिवस जाईल,” मुकादम म्हणाले.

“जाऊ दे. तलाव पळून जातोय का?”

मुकादमांनी नकाशा बघितला, आईंकडे बघितलं, ताईंकडे बघितलं आणि पेन्सिलीची रेघ खोडली. ताई अजून ते मोठे मोजे घालून उभ्या होत्या.

“रात्री राहशील ना?” त्यांनी विचारलं. “घरात? त्या खोलीत?”

“राहीन की,” आई म्हणाल्या. “गाडी मात्र दाराशीच लावा. पहिल्या रात्री मला तुझ्याकडच्या संडासाची सवय नसेल.”