वरचं सप्तक

संगीत महोत्सवाला जाणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक तिकीट काढून आत बसणारी, आणि दुसरी शहाणी. कानसेन आणि वहिनी दुसऱ्यांतले. मोठ्या सभागृहात कोण पाहुणा आलाय, कुणाची तिकिटं किती तासांत संपली, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. खरी मजा बाहेर, आणि तीही फुकट. तीन दिवस मधल्या पेठेतले रस्ते गाड्यांना बंद व्हायचे आणि जिथे बघावं तिथे कुणीतरी गात-वाजवत असायचं. वाचनालयाच्या पायऱ्यांवर, बाजाराच्या छपराखाली, पोस्टाच्या मागच्या अंगणात. पाय दुखेपर्यंत फिरावं, आवडलं तर थांबावं, नाही आवडलं तर उठून चालू लागावं. कुणाच्या बापाचं काय जातंय?

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते पियानो लावायचे. म्हणजे वाजवायचे नाहीत; वाजवणाऱ्यासाठी तारा सुरात आणून द्यायचे. चौतीस वर्षं हाच धंदा. गाता गळा नाही पण कान असा की भिंतीपलीकडचा सूर केसभर उतरला तरी यांच्या कपाळाला आठी. म्हणून वाद्यांच्या दुकानातल्या कुणीतरी कौतुकानं कानसेन म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की दारावरच्या पाटीवरही तेच आलं. त्यांची बायको म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. महोत्सवाच्या फुकट कार्यक्रमांतले तीन पियानो दरवर्षी कानसेनच लावत, रोज सकाळी एक. पियानो जागेवरून हलवला की सूर हलतो, म्हणून जिथे वाजायचा तिथेच बसून लावावा लागतो. सकाळी काम आणि मग दिवसभर दोघांची भटकंती. लेक दुसऱ्या गावाहून फोन करायची, 'या वयात किती हिंडता गं,' म्हणायची. वहिनी म्हणायच्या, वर्षातले तीन दिवस तरी हिंडू दे बाई, बाकीचे दिवस टिंगटिंगच ऐकतेय.

ते खोटं नव्हतं. घर दोन खोल्यांचं, पुढची खोली म्हणजे कानसेनांची कामाची जागा. वहिनी मागे भाजी चिरतायत आणि पुढे एकच सूर शंभरदा टिंग, टिंग, टिंग. वहिनींना सुरांची नावं आजही धड सांगता यायची नाहीत. पण चौतीस वर्षं ऐकून ऐकून आता बेसूर तार त्यांच्या थेट दाढेत जायची, थंड पाणी लागावं तशी.

आणि इथेच खरी गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी एका शाळेत कानसेन पियानो लावत होते आणि वहिनी शेजारी थर्मासमधला चहा घेऊन बसल्या होत्या. खालचे सूर झाले, मधले झाले, आणि अगदी वरच्या सप्तकात, जिथे आवाज सुईसारखा बारीक होतो, तिथे कानसेनांनी एक तार ओढली आणि 'झालं' म्हणून मान हलवली. वहिनींची दाढ ठणकली. कप ओठांजवळ नेला होता तो तसाच हातात राहिला. कानसेनांनी त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा तार ताणायची चावी खुंटीला लावली, जराशी फिरवली, पट्टी दाबली. आता जुळलं. वहिनींनी घोट घेतला.

त्या दिवसापासून हे असंच चालू झालं. सूर लागला की वहिनींचा घोट, नाही लागला की कप हवेत. एका शब्दानं कुणी कुणाला काही बोललं नाही. कानसेन म्हणत, 'चहा आण गं, कंटाळा येतो एकट्याला,' आणि वहिनी थर्मास घेऊन निघत. वहिनींना वाटायचं, यांच्या लक्षात आलेलं नाही, नुसत्या सवयीनं माझ्याकडे बघतात. असू दे. लेकीनं एकदा कान तपासून घ्या म्हटलं तेव्हा ते म्हणाले होते, 'तुझ्या आईचे तपास, मी हाका मारून मरतो, ओ देत नाही.' सूर दाखवणारं यंत्र तिनं फोनमध्ये घालून दिलं, त्याला त्यांनी हातही लावला नाही. आकडे बघून सूर लावायचा तर मग वजनकाट्यावर बसेन, म्हणाले. अशा माणसाला समजावायला जाणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. वहिनींनी चहा वाढवला आणि गप्प बसल्या.

यंदा पहिल्या दिवशी पोस्टामागच्या अंगणातला पियानो होता. कार्यक्रम साडेबाराला. साडेदहापर्यंत खालचे आणि मधले सूर लावून झाले, आणि तेवढ्यात कोपऱ्यापलीकडून ढोल वाजायला लागले. महोत्सवाचा चालता बँड. चाळीस माणसं रस्त्यानं नाचत-वाजवत जायची, आणि वहिनींनी इतक्या वर्षांत तो फक्त लांबून ऐकला होता, कारण नेमकी तीच वेळ कामाची.

"जा, बघून ये," कानसेन म्हणाले.

"आणि तुमचं?"

"माझं काय? वरचं तेवढं राहिलंय. अर्ध्या तासाचं काम."

वहिनींनी थर्मासकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे. वरचं तेवढंच तर खरं काम होतं. पण ते कसं बोलणार? आणि खरं सांगायचं तर मन कधीच कोपरा ओलांडून गेलं होतं. दहा मिनिटांत येते, म्हणाल्या.

दहा मिनिटं कसली. बँड असा काही होता की बास. पुढे पितळी कर्ण्यांची रांग, मधे एक जाडजूड बाई पिंपाएवढा नगारा गळ्यात अडकवून हसत हसत बडवतेय, मागे सहा म्हातारे एकसारख्या लाल टोप्या घालून उलटे चालतायत. वहिनी एका गल्लीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. खिडक्यांतून माणसं लोंबकळत होती. त्या नगाऱ्याच्या बाईनं वहिनींचा हात धरून त्यांना रांगेत ओढलं आणि वहिनींनी चक्क चार पावलं टाकली, साठीला टेकलेल्या बाईनं, भर रस्त्यात. लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

अंगण गच्च भरलं होतं. पियानोसमोर माईक लागले होते, आणि कानसेन दुसऱ्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची खुर्ची त्यांनी राखून ठेवली होती.

"झालं?" वहिनींनी धापा टाकत विचारलं.

"झालं. कसा होता बँड?"

"मस्त," वहिनी म्हणाल्या.

वाजवणारी बाई तिशीची असेल. आली, वाकली, बसली आणि सुरू झाली. खालच्या-मधल्या सुरांवर काय हात चालत होता तिचा. अंगण एकदम शांत झालं. वहिनींना वाटलं, उगीच घाबरले, एवढ्या वर्षांचा हात आहे, चुकेल कसा? आणि त्याच वेळी बाईचा उजवा हात झरझर वर गेला.

ठण्णकन दाढेत.

एक सूर चढा, त्याच्या शेजारचा उतरलेला, आणि सगळ्यांत वरचे दोन-तीन तर कुणाचे कुणी नव्हेत. बाईचे खांदे जरासे आखडले. हात खाली आला. पुढच्या वेळी ती पुन्हा वर गेली, जपून, पाण्यात पाय घालून बघावं तशी, आणि लगेच मागे फिरली. त्यानंतर ती वर गेलीच नाही. जिथे सूर चढायचा तिथे तिनं तेच खालच्या सप्तकात वाजवलं, आणि इतक्या सफाईनं की वहिनींच्या शेजारी बाळ घेऊन बसलेली पोरगी कुजबुजली, "किती गोड वाजवतायत ना?"

वहिनींनी मान हलवली. दुसरं काय करणार? उठून स्टेजवर जाऊन थांबवायचं? चावी पिशवीत, पिशवी नवऱ्याच्या मांडीवर, आणि समोर पाचशे माणसं. त्या पदराचं टोक पिळत बसल्या. बाजूला कानसेन बोटांनी गुडघ्यावर ताल धरून होते. त्यांना काही पत्ता नाही, देवा, तसंच राहू दे, असं वहिनी मनात घोकत होत्या.

पण कान गेला तरी डोळे होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे हात बघितलेला माणूस तो. गुडघ्यावरचं बोट हळूहळू थांबलं. ते पुढे झुकले.

"ती वर जात नाहीये," ते म्हणाले. स्वतःच्या आवाजाचा अंदाज त्यांना हल्ली यायचा नाही, त्यामुळे पुढची अख्खी रांग मागे वळली. कुणीतरी 'श्श' केलं. वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

कार्यक्रम संपला, टाळ्या झाल्या. बाई खाली उतरली आणि कुणाला तरी विचारत विचारत थेट यांच्याकडेच आली. पियानो तुम्ही लावलात का, म्हणाली. कानसेन उभे राहिले. तिनं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

"फार छान होता पियानो, काका. मनापासून थँक्यू."

ती गेली. कानसेन बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. वाजवणारे लोक त्यांच्याशी भांडायचे. हा सूर मला असा हवा, तो तसा का केलात, असं तावातावानं बोलायचे, आणि कानसेनही दोन शब्द जास्तच ऐकवायचे. हात धरून गोड बोललेलं माणूस हे पहिलंच.

"कुठले गेले?" त्यांनी विचारलं.

"काय कुठले?"

"सूर. वरचे. कुठले कुठले गेलेत?"

"काही गेले नाहीत. सगळे नीट होते. ती म्हणाली की आत्ता."

"तिला बोलता येतं खोटं. तुला येत नाही." ते खुर्चीवर बसले. अंगण रिकामं होत होतं, माणसं पुढच्या कार्यक्रमाला पळत होती. "दोन वर्षं तुझा घोट बघून तारा ओढतोय मी. मला काय कळत नव्हतं?"

वहिनींनी पदराचं टोक पुन्हा हातात घेतलं.

"म्हणून पाठवलं तुला आज. म्हटलं, एकट्याला जमतंय का बघू एकदा."

वहिनींच्या मनात आलं, आपण तिकडे लाल टोप्यांमागे नाचत होतो आणि हा माणूस इथे एकटा, न ऐकू येणाऱ्या तारांपुढे. कुठला सूर लागला, कुठला नाही, कुणाला विचारणार होता? आपणच का गेलो? त्यांना मोठ्यानं रडावंसं वाटलं. पण चारचौघांत रडणार कसं?

"उद्यापासून मी हलत नाही तुमच्याजवळून," त्या म्हणाल्या. "पहिल्यासारखं करू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना." कानसेन चिडले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. "सूर तू लावतेस. मी नुसता हमाल, चावी फिरवणारा. अगं, लोक मला कानसेन म्हणतात. मी तोंड वर करून ओ देतो त्यांना." मग म्हणाले, "फोन लाव. उद्याच्या आणि परवाच्या पियानोला दुसरं कुणीतरी बघा म्हणावं. यापुढेही."

"तुम्हीच बोला की."

"या गोंगाटात फोनवरचं मला कळत नाही. तू बोल."

महोत्सवाचे व्यवस्थापक तीन दिवस सतत पळत असायचे, म्हणून या दोघांत त्यांचं नाव धावते साहेब. वहिनींनी फोन लावला. कानसेन समोर उभं राहून त्यांच्या ओठांकडे बघत होते, त्यामुळे शब्दही बदलता येईना. ह्यांना आता जमत नाही, ऐकू कमी येतं, उद्यापासून दुसरं कुणीतरी बघा. प्रत्येक शब्द त्यांनी तोंडातून ओढून काढला.

पलीकडे धावते साहेब हसले. "वहिनी, चेष्टा करताय का? अहो, गेली दोन वर्षं जो येतो तो विचारतो, हा पियानो लावला कुणी? तुम्हाला म्हणून सांगतो, त्याआधी एक-दोन तक्रारी आल्या होत्या, मी त्यांच्या कानावर घातल्या नाहीत. पण या दोन वर्षांत काय कमाल केलीय त्यांनी. वरचे सूर तर काचेसारखे. चौतीस वर्षांत असं काम झालं नव्हतं. त्यांना हे माझ्याकडून सांगा, आणि नाही म्हणू नका म्हणावं. ऐकताय ना?"

"हो," वहिनी म्हणाल्या, आणि फोन बंद केला.

"काय म्हणाले?"

वहिनींनी तोंड उघडलं. सांगायला भरपूर होतं. पण त्यातला शब्द न् शब्द त्या दोन वर्षांचा, चहाच्या घोटावर लागलेल्या सुरांचा होता.

"ठीक आहे म्हणाले."

कानसेनांनी मान हलवली. पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"एवढंच?"

"आभार मानलेत," वहिनी घाईघाईनं म्हणाल्या.

"मानले असतील," कानसेन म्हणाले, आणि पिशवीचा पट्टा नीट करत राहिले.